एकावर काय अडतंय?

कुत्रा पाळणाऱ्या घरांत एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता ते कानावर पडलं की पुढचा सगळा संवाद मला पाठ असतो. लसीकरणाच्या वेळी डॉक्टरांनी तपासून सांगितलेलं असतं, की पिल्लाचा एकच वृषण खाली उतरलाय, दुसरा पोटात किंवा जांघेत अडकलाय, तो पुढे ऑपरेशन करून काढावा लागेल. घरी आल्यावर यावर बैठक बसते. आणि घरातला कुणीतरी कर्ता पुरुष हात झटकून निकाल देऊन टाकतो: "एक आहे ना? मग एकावर काय अडतंय?"

अडतं. कधी कधी कुत्र्याच्या जिवावर बेततं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. सहा महिन्यांनंतरही खाली न उतरलेला वृषण हा मतमतांतराचा विषय नाही. तो काढायचा. त्या कुत्र्याला बाप होऊ द्यायचं नाही. 'न्यूटर करणं चांगलं की वाईट' हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी खुशाल घालावा. मलाही त्या वादात रस आहे, आणि पुढे मी तो घालणारही आहे. पण तो वाद या कुत्र्याच्या जिवावर घालायचा नाही.

दुसरी गोष्ट. 'वृषण' हा शब्द या लेखात भरपूर वेळा येणार आहे. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या मुलीनं हा शब्द चारचौघांत उच्चारला की समोरचे काका चहाच्या कपात बघायला लागतात, हे मी अनुभवलंय. ज्या घरात शब्द उच्चारता येत नाही, त्या घरात अवयव तपासलाही जात नाही. म्हणून तो लिहिणार.

मुळात होतं काय

नर पिल्लाचे वृषण जन्माआधी त्याच्या पोटात, मूत्रपिंडाच्या जवळपास तयार होतात. तिथून दोरीसारखा एक पट्टा त्यांना वाट दाखवत खाली आणतो. जांघेतल्या अरुंद बोगद्यातून बाहेर पडून ते वृषणकोशात, म्हणजे बाहेरच्या पिशवीत येऊन बसतात. हा प्रवास जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत संपतो. साधारण आठ आठवड्यांच्या पिल्लात सराईत डॉक्टरला दोन्ही वृषण बोटांना लागतात. काही पिल्लांत थोडा उशीर होतो. पण सहा महिन्यांचा कुत्रा झाला आणि अजूनही जागा रिकामीच असेल, तर वाट बघण्यात अर्थ उरत नाही. वाट बंद झालेली असते.

डॉक्टर याला 'क्रिप्टॉर्किड' म्हणतात. ग्रीक भाषेतले दोन शब्द आहेत, 'लपलेला' आणि 'वृषण'. ऑर्किडच्या फुलाला नाव मिळालं तेही याच दुसऱ्या शब्दावरून, त्याच्या कंदांच्या आकारामुळे. म्हणजे बाल्कनीत ऑर्किड लावून त्याचं नाव मोठ्यानं घेणाऱ्यांना लाजायचं काही कारण नाही.

हा दोष दुर्मीळ नाही. कुठली जात आणि कुठला अभ्यास यावर आकडा बदलतो, पण शंभर नरांमागे एकापासून दहापर्यंत असे आकडे दिसतात. चिवावा, पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, टॉय पूडल अशा छोट्या जातींत तो जास्त आढळतो. मोठ्या कुत्र्यांत बॉक्सर आणि जर्मन शेफर्ड यांची नावं पुन्हा पुन्हा येतात. उजव्या बाजूचा वृषण डाव्यापेक्षा जास्त वेळा अडकतो.

आता मुद्द्याची गोष्ट. कुत्र्याच्या शरीराचं तापमान आपल्यापेक्षा जास्त असतं, साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस. वृषणकोश शरीराबाहेर लटकतो तो थंड राहावा म्हणून, कारण शुक्राणू तयार व्हायला काही अंश कमी तापमान लागतं. पोटात अडकलेल्या वृषणाला ते मिळत नाही, म्हणून तो शुक्राणू बनवू शकत नाही. मात्र हार्मोन बनवत राहतो. म्हणजे जो कुत्र्याच्या काही कामाचा नाही, पण बंदही पडलेला नाही, असा एक अवयव आत वर्षानुवर्षं गरम जागेत चालू राहतो. गाठ होण्याची शक्यता वाढते ती इथे.

आकडे नीट वाचायचे

लपलेल्या वृषणात कॅन्सर होण्याचा धोका नेहमीपेक्षा दहा पट किंवा त्याहून जास्त असतो, असं सर्रास सांगितलं जातं. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय रुग्णालयांच्या नोंदींवरून १९७० आणि ८० च्या दशकांत झालेल्या अभ्यासांतून हे आकडे आले आहेत, आणि ते ढोबळमानानं बरोबर आहेत. पण 'दहा पट' या शब्दावर माझा भरवसा नाही. मुळात धोका लाखात एक असेल तर दहा पट म्हणजे लाखात दहा. घाबरायचं कशाला? दिवसभर डॅशबोर्डवरचे आलेख बघून पोट भरणाऱ्या माणसाला एक सवय लागते: कुणी 'इतक्या टक्क्यांनी वाढ' म्हटलं की पहिला प्रश्न 'किती होतं म्हणून वाढलं?'

याचं उत्तर १९७९ साली पेनसिल्व्हेनियात झालेल्या एका अभ्यासात मिळतं. जांघेचा हर्निया किंवा लपलेले वृषण असलेल्या सहाशेहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तिथे तपासल्या गेल्या. लपलेला वृषण असलेल्या कुत्र्यांत वृषणाच्या गाठीचं प्रमाण होतं हजार श्वान-वर्षांमागे सुमारे १३. म्हणजे असे हजार कुत्रे एक वर्षभर बघितले तर तेरा जणांना गाठ. पण हा सगळ्या वयांचा मिळून आकडा आहे. सहा वर्षांपुढच्या कुत्र्यांचा वेगळा काढला तर तो सुमारे ६८ होतो.

या ६८ चा अर्थ कागदावर मांडून बघा. दर वर्षी हजारात ६८, म्हणजे जवळपास सात टक्के. हाच दर चार वर्षं कायम राहिला असं धरलं, तर सहाव्या वर्षापासून दहाव्या वर्षापर्यंत अशा चार कुत्र्यांपैकी साधारण एकाला गाठ होणार. हे कुत्रे रुग्णालयात आलेले होते, सगळ्या जगाचं ते प्रतिनिधित्व करत नाहीत, हे मान्य. खरा आकडा त्यापेक्षा कमी असू शकतो. अगदी अर्धा धरा. आठात एक. तुमच्या गाडीचा ब्रेक निकामी होण्याची शक्यता चार वर्षांत आठात एक आहे असं मेकॅनिक म्हणाला, तर तुम्ही 'दुसरा ब्रेक आहे ना' म्हणून घाटात गाडी घालाल?

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं, की वृषणाच्या बहुतेक गाठी शरीरभर पसरत नाहीत. वेळेत काढल्या तर कुत्रा बरा होतो. पण 'वेळेत' या शब्दात सगळं आलं. बाहेरच्या पिशवीतली गाठ आंघोळ घालताना हाताला लागते. पोटातली गाठ लिंबाएवढी झाली तरी कुणाला पत्ता लागत नाही. शिवाय पोटातला वृषण मोकळा लोंबकळत असल्यामुळे स्वतःभोवती पीळ खाऊ शकतो, विशेषतः गाठीमुळे जड झालेला. मग त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि रात्री दोन वाजता कुत्रा वेदनेनं तळमळत असतो. त्या वेळी कुठला दवाखाना उघडा आहे हे शोधणं हा वेगळाच अनुभव आहे.

शेरू

लपलेल्या वृषणात होणाऱ्या गाठींपैकी एक आहे सर्टोली पेशींची. तिचा धोका तिच्या आकारापेक्षा ती काय बनवते त्यात आहे. यातल्या कित्येक गाठी इस्ट्रोजेन बनवतात. नर कुत्र्याच्या शरीरात स्त्री-हार्मोनचा नळ उघडा राहतो.

साताऱ्याला माझ्या मामांकडे शेरू नावाचा जर्मन शेफर्ड होता. तो आठ महिन्यांचा असताना डॉक्टरांनी त्याच्या लसीच्या पुस्तकात स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलं होतं: उजवा वृषण हाताला लागत नाही, ऑपरेशनचा सल्ला. मामांनी ते वाचलं होतं. "काय होत नाही त्याला. वाघासारखा आहे," असं त्यांचं म्हणणं. आणि तो होताही तसाच. आठ वर्षं त्याला सर्दीसुद्धा झाली नाही.

नवव्या वर्षी त्याच्या दोन्ही कुशींवरचे केस विरळ व्हायला लागले. खाज नाही, जखम नाही, दोन्ही बाजूंना अगदी सारखे. त्वचेची ॲलर्जी म्हणून औषधी शाम्पू झाला, खाणं बदललं, गोळ्या झाल्या. मग त्याचे स्तनाग्र सुजल्यासारखे दिसायला लागले. गल्लीतले नर कुत्रे त्याच्यावर चढायला बघू लागले. मामांना याची एवढी लाज वाटली, की त्यांनी त्याला संध्याकाळी फिरवणंच बंद केलं. पुढे डॉक्टरांकडे गेल्यावर केसांचं सांगितलं, पण हे सांगितलंच नाही. मामीनं मला फोनवर हळू आवाजात सांगितलं, तेही इकडच्या तिकडच्या गप्पांत: "त्याचं काहीतरी बाईमाणसासारखं झालंय गं."

हे एक वाक्य दवाखान्यात उच्चारलं गेलं असतं, तर निदान पाच मिनिटांत झालं असतं. दोन्ही बाजूंना सारखे गळणारे केस, सुजलेले स्तन, इतर नरांचं आकर्षण आणि रिकामी पिशवी. पशुवैद्यकाच्या कुठल्याही विद्यार्थ्याला हे चित्र ओळखता येतं. सात महिने गेले ते लाजेपोटी.

इस्ट्रोजेनची शेवटची करामत हाडांच्या मज्जेत होते. कुत्र्याची मज्जा या हार्मोनला फार नाजूक असते. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट या सगळ्यांचं उत्पादन थंडावतं. शेरूच्या हिरड्या पांढुरक्या पडल्या, पोटावर लाल-जांभळे ठिपके आले, एक दिवस नाकातून रक्त आलं आणि थांबेना. पुण्याला आणून सोनोग्राफी केली तेव्हा पोटात मोसंबीएवढी गाठ दिसली. रक्त चढवून ऑपरेशन केलं. गाठ निघाली, ती कुठे पसरलेलीही नव्हती. पण मज्जा पुन्हा उभी राहिली नाही. तीन आठवड्यांनी शेरू गेला. ज्या गाठीनं त्याला मारलं, ती कॅन्सर म्हणून तशी सौम्यच होती.

मामा आजही म्हणतात, "नशीब." मी त्यांच्याशी वाद घालत नाही, त्यांचं दुःख खरं आहे. पण तुमच्याशी घालते. याला नशीब म्हणत नाहीत. आठ वर्षं ते पुस्तक टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये पडून होतं.

'पण ते गोल्डन रिट्रीव्हरचं संशोधन?'

आता माझ्या पिढीकडे वळते. आमचा प्रश्न मामांच्या उलटा आहे. ते काहीच वाचत नाहीत, आम्ही अर्धं वाचतो. डॉग पेरेंट्सच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर 'न्यूटर करू का?' विचारा, दहा मिनिटांत कुणीतरी कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठाचं संशोधन टाकतं. २०१३ साली ७५९ गोल्डन रिट्रीव्हरच्या नोंदींवरून केलेला अभ्यास. वर्षाच्या आत न्यूटर केलेल्या नरांत कंबरेच्या सांध्याचा दोष दुप्पट आणि लिंफोमाचं प्रमाण जवळपास तिप्पट निघालं. २००२ सालचा रॉटवायलरचा अभ्यासही आहे: वर्षाच्या आत ऑपरेशन झालेल्या कुत्र्यांत साधारण चारांपैकी एकाला हाडाचा कॅन्सर.

हे अभ्यास खरे आहेत आणि मी ते गांभीर्यानं घेते. किंबहुना दुसऱ्या बाजूच्या प्रचारावरही माझा आक्षेप आहे. 'न्यूटर करा, कॅन्सर टाळा' हे वाक्य सामान्य नर कुत्र्याच्या बाबतीत फार पोकळ आहे. दोन्ही वृषण खाली असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यात गाठी होतात हे खरं, पण त्या बहुतेक सौम्य असतात, बाहेरून दिसतात आणि तेव्हा काढल्या तरी चालतं. उलट प्रोस्टेटचा कॅन्सर, जो एकूणच विरळ आहे, तो न्यूटर केलेल्या नरांत जास्त आढळतो. न्यूटर करायला इतर सबळ कारणं आहेत: नको असलेली पिल्लं, पळून जाणं, वाढलेल्या प्रोस्टेटचा त्रास. मादीचं गणित तर वेगळंच आहे, तिथे गर्भाशयात पू होण्याचा धोका मोठा. पण निरोगी नर लॅब्रॅडॉरच्या मालकाला कॅन्सरची भीती घालून सहाव्या महिन्यात टेबलावर घ्यायला मी सांगणार नाही. मोठ्या जातीचा कुत्रा असेल तर वाढ पूर्ण होऊ द्या, डॉक्टरशी बोला, मग ठरवा. त्याच डेव्हिसच्या गटानं २०२० साली ३५ जातींचा अभ्यास छापला आणि त्यात जातीजातीत प्रचंड फरक दिसला. छोट्या जातींत सांध्यांचा धोका वाढलेला आढळला नाही.

पण हे सगळे अभ्यास ज्या प्रश्नाचं उत्तर देतात, तो प्रश्न असा आहे: निरोगी अवयव काढावा का, आणि कधी? पोटात अडकलेला वृषण निरोगी अवयव नाही. गोल्डन रिट्रीव्हरचा पेपर दाखवून क्रिप्टॉर्किड पॉमेरेनियनचं ऑपरेशन टाळणं म्हणजे 'उगाच दात काढू नयेत' हा लेख दाखवून किडलेली दाढ ठेवण्यासारखं आहे.

आणि समजा, हार्मोन टिकवण्याचा तुमचा मुद्दा मी शंभर टक्के मान्य केला. तरीही लपलेला वृषण निघालाच पाहिजे. खाली उतरलेल्या वृषणाची नसबंदी करून तो तसाच ठेवता येतो. हार्मोन राहतात, पिल्लं होत नाहीत, पोटातला धोका जातो. हा मार्ग फार कुणी सुचवत नाही, पण तो आहे. शिवाय घाईही नाही. गाठी बहुधा मध्यम वयानंतर होतात, त्यामुळे मोठ्या जातीच्या कुत्र्यासाठी एक-दीड वर्षापर्यंत थांबायला पुष्कळ डॉक्टरांची हरकत नसते. म्हणजे सांध्यांची काळजीही घेता येते. इतक्या वाटा मोकळ्या असताना 'काहीच करायचं नाही' हा निर्णय संशोधनातून आलेला नसतो. तो आधीच झालेला असतो. संशोधन नंतर शोधलं जातं.

दोन गोष्टी मात्र करायच्या नाहीत. पहिली, खालचा सहज निघणारा वृषण काढून आतला ठेवायचा नाही. पोट उघडावं लागतं, खर्च वाढतो, म्हणून कुणी हा शॉर्टकट सुचवलाच तर दवाखाना बदला. अशा कुत्र्याची पिशवी रिकामी दिसते, पुढचा प्रत्येक डॉक्टर त्याला न्यूटर झालेला समजतो, आणि धोका जिथल्या तिथे राहतो. दत्तक घेतलेला 'न्यूटर्ड' कुत्रा वागायला पूर्ण नर असेल, तर रक्ताच्या हार्मोन तपासणीनं आत काही शिल्लक आहे का ते कळतं. दुसरी गोष्ट, इंजेक्शन देऊन किंवा टाके घालून वृषण खाली आणायचा नाद करायचा नाही. माणसाच्या बाळात शस्त्रक्रियेनं वृषण खाली आणतात, कारण त्या बाळानं पुढे बाप व्हावं अशी आपली इच्छा असते. या कुत्र्याच्या बाबतीत नेमकं तेच टाळायचं असतं.

खच्ची

तरीही घोडं अडतं. पैशापाशी अडलं तर मी समजू शकते, पोटाचं ऑपरेशन स्वस्त नसतं. पण एवढं महाग पिल्लू घेणाऱ्या, ग्रूमिंगला दर महिन्याला नेणाऱ्या घरांत ते पैशापाशी अडत नाही. ते अडतं 'खच्ची' या शब्दापाशी.

आपल्या भाषेत या शब्दाचं काय झालंय बघा. कार्यकर्त्यांचं खच्चीकरण होतं, आत्मविश्वासाचं खच्चीकरण होतं, पोलिसांच्या मनोधैर्याचं खच्चीकरण होतं. रोज पेपरात. मराठीत हा शब्द म्हणजे अपमान, पराभव. मग डॉक्टर 'कुत्र्याला खच्ची करू' म्हणाले की मालकाला स्वतःच्याच अंगावर हात पडल्यासारखं वाटतं. "बिचाऱ्याचं आयुष्य काय राहिलं?" म्हणतात. कुत्र्याला आरसा बघून स्वतःच्या मर्दानगीचं मोजमाप करायची सवय नाही. ती सवय दोरी धरणाऱ्याची आहे.

"निसर्गाच्या विरुद्ध आहे" हा दुसरा लाडका युक्तिवाद. तो ऐकला की मला बैलपोळा आठवतो. ज्याच्या शिंगांना बेगड लावतो, ज्याला पुरणपोळी भरवतो, तो बैल म्हणजे खच्ची केलेला खोंडच. नाहीतर तो वळू असता आणि औताला धरला नसता. पिढ्यान् पिढ्या हे काम भूल न देता, ठेचून केलं गेलं. तेव्हा निसर्ग कुणाला आठवला नाही, कारण शेती करायची होती. बैलाच्या बाबतीत आपण फायद्यासाठी निरोगी अवयव निकामी करत आलो. कुत्र्याच्या बाबतीत त्याचाच जीव वाचवण्यासाठी, पूर्ण भूल देऊन, बिघडलेला अवयव काढायचा म्हटलं की आपल्याला करुणेचा पाझर फुटतो.

पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू

मालकांवर एवढा राग काढला, पण हा दोष तयार करणारे वेगळेच आहेत.

हा दोष आनुवंशिक आहे. एका जनुकाचं साधं गणित नाही, त्यात बहुधा अनेक जनुकं आहेत, पण तो घराण्यातून येतो याबद्दल वाद नाही. एक वृषण खाली असलेला नर बाप होऊ शकतो. 'एकावर काय अडतंय' हे वाक्य ब्रीडर म्हणतो तेव्हा ते या अर्थानं अगदी खरं असतं: क्रॉसिंगला काही अडत नाही. स्टड फी पूर्ण मिळते. आणि दोष नरातच दिसत असला तरी मादीही तो वाहून नेते. आईकडे बघून काहीच कळत नाही. म्हणून ज्या जोडीला असं पिल्लू झालं, ती जोडी पुन्हा लावायची नसते. जगभरच्या केनेल क्लबांच्या एफसीआय या संघटनेच्या जातवार मानकांच्या शेवटी हे वाक्य छापलेलंच असतं, की नराचे दोन्ही वृषण पूर्ण उतरलेले आणि प्राकृत दिसले पाहिजेत. शोमध्ये हा नियम पाळला जातो. बाजारात कोण बघतो?

बाजारात पिल्लू विकलं जातं तीस-पस्तीस दिवसांचं, फार तर 'पंचेचाळीस दिवसांचं आहे, न्या आता'. २०१७ च्या केंद्र सरकारच्या श्वान प्रजनन नियमांनुसार ब्रीडरनं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायला हवी, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आठ आठवडे म्हणजे छप्पन्न दिवस. ही मर्यादा आईचं दूध आणि भावंडांची संगत यांसाठी महत्त्वाची आहेच, पण तिचा आणखी एक फायदा आहे: त्या वयात वृषण उतरलेत की नाही हे बोटांनी तपासता येतं. पस्तिसाव्या दिवशी विकलेल्या पिल्लाबद्दल ब्रीडर बिनदिक्कत सांगू शकतो, "येतील खाली, अजून लहान आहे." सहा महिन्यांनी तुम्ही फोन करता तेव्हा तो उचलत नाही. आमच्या धंद्यात माहीत असलेला बग लपवून सॉफ्टवेअर ग्राहकाला दिलं तर निदान एक चिडका ईमेल येतो. इथे बग घरी आणणारा माणूस त्याला नाव ठेवतो, त्याच्या प्रेमात पडतो, आणि परत करायचा विचारही करू शकत नाही. धंदा याच प्रेमावर चालतो.

आणि केसीआयचे कागद? ते वंशावळीचे असतात. आई कोण, बाप कोण. आरोग्याचा दाखला तो नव्हे. बापाला किती वृषण होते हे त्या कागदावरून कळत नाही.

म्हणून पिल्लू विकत घेणारच असाल तर छप्पन्न दिवसांच्या आधी घेऊ नका. आईबाप दोघांनाही डोळ्यांनी बघा, आणि बापाच्या बाबतीत लाज न बाळगता मागून बघा. आधीच्या वेतात असं पिल्लू झालं होतं का, विचारा. व्यवहार पक्का होण्याआधी तुमच्या डॉक्टरकडून तपासून घ्या. ब्रीडर कुरकुरला तर उठा. एक गिऱ्हाईक उठलं तर त्याला फरक पडत नाही. पण तपासल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हा शिरस्ता पडला तर एका वृषणाच्या स्टडची फी आपोआप बंद होईल.

ज्यांच्या घरी कुत्रा आहे, त्यांनी आज त्याला आडवं झोपवून पोट खाजवा आणि हातानं तपासा. दोन सारखे, गुळगुळीत, हलणारे गोळे लागले पाहिजेत. एकच लागला, किंवा एकही लागला नाही आणि न्यूटर केल्याची नोंद नाही, तर लसीचं पुस्तक काढा. त्यात कदाचित कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असेल. कुत्रा सहा महिन्यांच्या पुढचा असेल तर डॉक्टरकडे जा, सोनोग्राफी करा. 'बघू पुढे' म्हणून घरी येऊ नका. ऑपरेशन या आठवड्यात नसेल करायचं तर सहा महिन्यांनंतरची का होईना, एक तारीख ठरवा, ती पुस्तकात लिहून घ्या आणि फोनमध्ये टाका. घरातल्या कर्त्या पुरुषाला ती तारीख जाहीर सांगा, 'वृषण' हा शब्द वापरून.